चार नंबरचा बोळा

२ नोव्हेंबर, रविवार

आज ‘पंगत’ आठही संगणकांवर एका दमात चालली आणि मी खिडकीत उभा राहून एकट्यानेच टाळी वाजवली. खाली बाजारपेठेत कुणी वर पाहिलं नाही. बरंच झालं.

वही नवी आहे म्हणून एकदा नीट लिहून ठेवतो. पुण्याच्या संस्थेत नऊ वर्षं मी शास्त्रज्ञांसाठी संगणकाची अवजारं, म्हणजे प्रोग्रॅम, लिहीत होतो. त्यांच्याकडे जनावरांची, जंतूंची, भाताची जनुकं वाचून आलेल्या अगडबंब फाइली असतात. एका संगणकाला त्या चावायला महिना लागेल. मग काम तोडायचं, पन्नास संगणकांना वाटायचं, निकाल परत गोळा करायचे, हे माझं खातं. शोधनिबंधावर त्यांची नावं आणि आभाराच्या शेवटच्या ओळीत मी. करार संपला तसा महाडला घरी आलो. बँकेने मोडीत काढलेले आठ संगणक मिळाले, एकाच खेपेतले, एकाच वेगाचे. ते दुसऱ्या मजल्यावर मांडले. एकवीसच्या पुरानंतर महाडात शहाणा माणूस तळमजल्यावर चपलासुद्धा ठेवत नाही.

पंगत म्हणजे या आठांसाठी लिहिलेलं अवजार. सगळ्यांना ओळीने बसवते, प्रत्येकाला काम वाढते, ज्याचं उरकेल त्याची पत्रावळ उचलते. माझ्यासारख्या लहान गावातल्या लोकांनाही मोठ्यांची कामं करता यावीत म्हणून मी ती फुकट ठेवली आहे. आजवर एकशे चाळीस जणांनी उतरवून घेतली. त्यात ब्राझीलचा एक आहे.

रंजिताने पुण्याहून तपासून दिली. संस्थेत ती माझ्या शेजारच्या टेबलावर बसायची, अजून बसते. तिचा एकच शेरा: “निकालाच्या आत नमुन्याचं नाव लिहून ठेव. ओळीतल्या जागेवर विसंबू नकोस रे.” लिहीन पुढच्या आवृत्तीत. रंजिता भिंतीवरच्या घड्याळातसुद्धा चूक काढते.

५ नोव्हेंबर, बुधवार

पोलादपूरच्या वर डोंगरात उंबरमाळ म्हणून वाडी आहे. पंधरा घरं, निम्मी माणसं मुंबईला. या डोंगरातल्या शेळ्यांची जनुकं नोंदवायचं छोटं काम मी घेतलंय. आज शेवटच्या शेळ्यांचं रक्त घेतलं. एकूण एकसष्ट.

नाथूदादाच्या घरच्या सगळ्यात जास्त. त्याची बायको मैनावहिनी शेळी मांडीत दाबून धरते आणि मला दम देते. “सुई मारताय का भाला? शेळी हाय ती, वाघ नाय.” प्रत्येक शेळीला नाव, प्रत्येकीचा स्वभाव ती सांगणार आणि मी लिहून घेणार. बोंडी नावाची एक पांढऱ्या कानाची आहे, ती हिच्याशिवाय कुणाच्या हातचं खात नाही.

चहा घेताना नाथूदादाला पंगत समजावून सांगितली. त्याने बराच वेळ ऐकलं. मग म्हणाला, “शेवटचा जेवं पातूर बाकीचे बसून ऱ्हातात का तुमचे?”

म्हटलं, नाही, ज्याचं झालं तो उठतो, वेळ वाचतो.

“मंग ती पंगत नाय सर. ती खानावळ.”

सगळे हसले. राजेश सगळ्यात जोरात. हा नाथूदादाचा चुलतभाऊ, मुंबईला चार वर्षं गाडी चालवून परत आलेला. स्वतःचा पिकअप आहे, मला तोच वर आणतो. “सर, टेन्शन नका घेऊ, यांना काय समजतंय,” म्हणाला. भला माणूस आहे.

९ नोव्हेंबर, रविवार

काल दुपारी उंबरमाळच्या वरच्या सड्यावर, शेळ्या चरतात त्या कातळाच्या माळावर, मैनावहिनीला कुणीतरी मारलं. अकरा शेळ्या नेल्या.

राजेशचा फोन आला आणि मी पोलादपूरच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा तिला महाडला हलवत होते. वार तिच्याच कोयत्याने केलाय. उजव्या कानामागून मानेपर्यंत उघडं पडलंय, आणि ती खाली पडल्यावरही दोनदा मारलंय असं डॉक्टर म्हणाले. तीन बोटं अर्धवट तुटलीत. हात वर केला असणार. शेळ्या नेणाऱ्याने एकदा ढकललं असतं तरी काम भागलं असतं. इतकं मारायचं कारण काय?

नाथूदादा दवाखान्याच्या पायरीवर बसला होता. धोतराला रक्त सुकून ते पत्र्यासारखं झालं होतं. “बोंडी नेली,” एवढंच म्हणाला. शेळीबद्दल बोलत होता, पण तोंड दुसऱ्याच कशाने वाकडं झालं होतं.

आणि मग मी बोललो. कुणी विचारलं नव्हतं. म्हटलं, नाथूदादा, तुमच्या एकूण एक शेळीची जनुकं माझ्याकडे आहेत. ज्या गाडीतून नेल्या तिच्यात रक्ताचा ठिपका मिळाला तर मी सांगू शकतो, कुठल्या शेळीचा तेसुद्धा.

त्याने माझा हात धरला. इतका घट्ट की अजून दुखतोय.

११ नोव्हेंबर, मंगळवार

घाटाखालच्या हॉटेलच्या कॅमेऱ्यात त्या दुपारी उंबरमाळच्या रस्त्याने उतरलेल्या, मागे माल नेणाऱ्या सात गाड्या दिसतात. पोलीस म्हणाले, रीतसर तपासणीला पाठवू, पण अहवाल यायला महिने लागतात. साहेबांनी मला अडवलं नाही. “तुमचं काही निघालं तर आधी आमच्याकडे या,” एवढं बजावलं. मी हो म्हटलं.

आज राजेशने मला सातही ठिकाणी फिरवलं. कापसाचा बोळा ओला करायचा, गाडीच्या हौद्यात घासायचा, बाटलीत घालून नंबर टाकायचा. एक, विनीतचा विटांचा टेम्पो. दोन, गॅसच्या टाक्यांची गाडी. तीन, कोंबड्यांचा टेम्पो, ज्यात रक्त आणि पिसांचा थर आहे. चार, तुडीलच्या चांगूचा पिकअप. पाच, खुद्द राजेशचा. सहा, मंडपवाल्याची. सात, गोमाजीबुवांची दुधाची गाडी.

चांगू शेळ्या विकत घेऊन बाजारात नेतो, त्यामुळे सगळ्यांची बोटं आधीपासून त्याच्याकडे आहेत. सावित्रीच्या काठावर घर, दारात दोन बोकड. मोकळं बोलला. “घ्या की सर. रगत सापडल. मागल्या हप्त्यात एका बोकडाचं शिंग मोडलं माज्या गाडीत. पन उंबरमाळचं नाय सापडायचं.” त्याची बायको जनी चहा घेऊन आली. राजेशने घेतला नाही.

राजेशने स्वतःची गाडी आपणहून दिली. “माझापण घ्या सर, नंतर कुणी बोलायला नको.” याला म्हणतात दिलदारी. हौदा तर असा धुतलेला, फिनेलचा वास मारत होता. कोकणात गाडी इतकी स्वच्छ ठेवणारा माणूस मी पाहिला नाही. “वरूनच घ्या,” म्हणत होता, पण माझी सवय वाईट, मी रबरी चटई उचलून फळ्यांच्या फटीत बोळा घातलाच. तो गप्प झाला. त्याच्यावर संशय घेतल्यासारखं वाटलं असावं. मी माफी मागितली.

१२ नोव्हेंबर, बुधवार

मैनावहिनीला बघून आलो. डोळे मिटलेले, डोकं गुंडाळलेलं, तोंडात नळी. नाथूदादा तिच्या पायाशी. चार दिवसांत तिने हालचाल केलेली नाही. राजेश आत आला, “वहिनी, मी राजेश,” म्हणाला आणि तिची उरलेली बोटं हलली. चादर धरून ओढायला लागली. नर्सला बोलावेपर्यंत थांबली. आपलं माणूस ओळखलं असणार. राजेश बाहेर जाऊन ओकला. मन हळवं आहे त्याचं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

सिक्वेन्सरमधून, म्हणजे जनुकं वाचणाऱ्या यंत्रातून, सातही बोळे वाचून झाले. ते आज सकाळी पंगतीला बसवले, सात संगणकांवर सात, आठवा देखरेखीला.

अकराच्या सुमारास वीज खालीवर झाली आणि तीन नंबरचा संगणक तापून बंद पडला. पूर्वीचं अवजार असतं तर सगळं काम तिथेच मेलं असतं. पंगतने तीन नंबर पुन्हा सुरू करून त्याचं काम त्याला परत वाढलं, न सांगता, न कुरकुरता. बाकीचे त्याच्यासाठी थांबलेही नाहीत. आपापलं संपवून मोकळे. तीनचा निकाल तासाभराने, सगळ्यांच्या शेवटी आला. सात निकाल, सात ओळी. यादी शेजारी लावून छापून ठेवली. ब्राझीलवाल्याला हे कळवायला हवं.

चार नंबर. जुळणी सत्त्याण्णव टक्के. तीन शेळ्यांचं रक्त, त्यांत एक बोंडी.

मी खुर्चीतून उठलो आणि परत बसलो. नऊ वर्षं दुसऱ्यांसाठी गठ्ठे वाहिले, पण असा निकाल कधी माझ्या हातात आला नव्हता. खरं लिहायचं तर पहिला विचार मैनावहिनीचा आला नाही. हे पंगतच्या इंटरनेटवरच्या पानावर कसं लिहायचं, हा आला.

बाकी किरकोळ. पाच नंबर, राजेश, स्वच्छ. कोंबड्यांच्या टेम्पोत कुठल्यातरी परक्या शेळीचं रक्त आहे आणि कोंबडीचं नाही. गोमाजीबुवांच्या दुधाच्या गाडीत मात्र कोंबडीचं आहे. म्हातारा माळ घालून चोरून रस्सा ओरपतो की काय? हसू आलं.

उद्या सकाळी पोलिसांकडे जायचं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

मैनावहिनी पहाटे गेली.

पोलिसांकडे जायला निघालो होतो. राजेशचा फोन आला. “सर, वर या. बॉडी आणलीय. दादा तुम्हालाच विचारतोय.” मी गेलो. कागद खिशात होता.

सरण रचलं होतं. साठ-सत्तर माणसं, मुंबईहून आलेलीही. नाथूदादा माझ्यासमोर उभा राहिला. “सर, सापडलं का?”

साहेबांना मी शब्द दिला होता. तो मला त्या क्षणी आठवतही होता. पण तो माणूस माझ्याकडे असा बघत होता की जगात मी एकटाच शहाणा आहे. मी कागद काढला आणि मोठ्याने वाचला. एक, नाही. दोन, नाही. तीन, नाही. चार...

“चांगू!” राजेश ओरडला. पुढचे तीन नंबर कुणी ऐकलेच नाहीत.

सरण पेटवून लोक गाड्यांत चढले. मी राजेशच्या शेजारी बसलो. मला वाटलं, मी सोबत असलो तर आवरता येईल. हे आत्ता लिहिताना खोटं वाटतंय.

चांगू दारात दावं वळत बसला होता. हसून उठला. पहिला फटका राजेशने मारला, जॅकच्या दांड्याने, तोंडावर. मग कोण कुठून मारतंय कळत नव्हतं. दगड, दांडे, लाथा. त्याचा डावा डोळा फुटला तो आवाज मी ऐकला. तो “उंबरमाळचं नाय, माज्याकडं नाय” असं ओरडत होता. कुणीतरी माझ्या हातातला कागद ओढून घेतला आणि चुरगाळून त्याच्या तोंडात कोंबला. “वाच! वाच काय लिवलंय!” राजेश म्हणाला, “हात धरा याचे.” पिकअपच्या मागच्या फाळक्यावर त्याचे दोन्ही हात आडवे धरले आणि वरून वरवंटा हाणला. उजवा. मग डावा. मग परत उजवा. जनी मधे पडली तर तिला केसांनी ओढून गोठ्यात टाकलं. मग पिकअप पेटवला. बोकड दाव्याला बांधलेले होते, ते कुणी सोडले नाहीत.

मी थांबा म्हणालो. मला वाटतं, म्हणालो.

राजेशने मला घरी सोडलं. त्याच्या शर्टाच्या बाहीवर चांगूचा दात चिकटला होता. तो त्याने टिचकीने उडवला आणि म्हणाला, “थँक्यू सर. तुमच्यामुळे झालं.”

१५ नोव्हेंबर, शनिवार

चांगू जिवंत आहे. पोलिसांनी तीस अनोळखी इसमांवर गुन्हा नोंदवलाय. कायदा हातात घेणं वाईटच. पण नाव काही मी मनाने सांगितलं नाही. सत्त्याण्णव टक्के म्हणजे सत्त्याण्णव टक्के.

जेवण गेलं नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी गोमाजीबुवा जिना चढून वर आले. पंचाहत्तरीचा माणूस, धापा टाकत होता. गळ्यात माळ. खुर्ची दिली तर बसले नाहीत.

“काय रे किरण, माज्या गाडीत कोंबडी कशी आली?”

मी म्हटलं, बुवा, सोडा ना, कुणाला काही सांगितलेलं नाही.

“चांगूच्या दारात तुजा कागद घावला, पोलिसांनी त्याची नक्कल फिरवली. सगला पोलादपूर हसतो माला. चाळीस वर्सं माळ हाय गल्यात. गाडी नवी घेतली तवापासनं दुधाबिगर काय ठेवलं नाय तिच्यात. तुजं मशीन माज्या माळेला हात लावतं तर मशीनच खोटं.”

त्यांची समजूत काढावी म्हणून कच्च्या फाइली उघडून दाखवायला बसलो. कोंबडीचं रक्त कुठल्या संगणकाने काढलं ते बघा, म्हटलं. बुवा माझ्या खांद्यामागे उभे.

कोंबडीचा निकाल सात नंबरच्या संगणकाने काढलेलाच नव्हता. तीन नंबरच्या संगणकाने काढला होता.

त्या दिवशीची वेळांची नोंद उघडली. तीनचा निकाल शेवटी आला. पंगत निकाल ज्या क्रमाने संपतात त्या क्रमाने लिहिते. आठही संगणक एकाच वेगाचे, म्हणून आजवर ते बसले त्याच क्रमाने उठले आणि मला कधी कळलंच नाही. त्या दिवशी तीन मागे राहिला आणि त्याच्या पुढचे सगळे एकेक घर वर सरकले. कोंबड्यांच्या टेम्पोचा निकाल दुधाच्या गाडीसमोर गेला. चांगूचा, मोडक्या शिंगाच्या परक्या बोकडाचा, कोंबड्यांच्या टेम्पोसमोर. आणि चांगूसमोर जो लागला तो पाच नंबरचा.

पाच नंबर.

“आता काय झालं?” बुवा म्हणाले. “घाम का फुटला तुला?”

म्हटलं, बुवा, तुमची गाडी शुद्ध आहे.

“ते माला ठावं हाय,” म्हणाले आणि जिना उतरून गेले.

फिनेल. चटई. चादर ओढणारी बोटं. “वहिनी, मी राजेश.” तिने त्याला ओळखलं होतं, सड्यावरही ओळखलं होतं. म्हणून इतकं मारलं. मी हे सगळं पाहिलं, या वहीत माझ्या हाताने लिहिलं आणि खाली दिलदार म्हणून सही केली.

१९ नोव्हेंबर, बुधवार

पोलिसांकडे गेलो, सगळं सांगितलं. साहेबांनी शांतपणे ऐकलं. “म्हणजे तुमचं मशीन आठ दिवसांत दोन नावं सांगतं. वकील याचं काय करील माहीत आहे? आणि पहिलं नाव तुम्ही सरणापुढे वाचलंत. गुन्हा आधी तुमच्यावर बसतो, मास्तर.” राजेशच्या गाडीची चटई जप्त करून तपासणीला पाठवू म्हणाले. तोवर तोंड बंद ठेवा. खरं नाव माझ्या हातात आहे आणि त्याची किंमत मीच शून्य करून ठेवलीय.

रंजिताला फोन केला. ती ओरडेल असं वाटलं होतं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “आणखी कोण कोण वापरतंय?” एकशे चाळीस. कुणी रुग्णांच्या जंतूंवर, कुणी बियाण्यांवर. “आज सगळ्यांना कळव. आज, किरण. स्वतःला शिव्या नंतर दे.”

पंगतच्या पानावर लिहिलं: हे अवजार वापरू नका. यातून निघालेले जुने निकाल पुन्हा तपासा. चूक माझी आहे, मला आधी सांगण्यात आली होती. दुरुस्ती नऊ ओळींची निघाली. नऊ.

२० नोव्हेंबर, गुरुवार

सरकारी दवाखान्यात गेलो. चांगूचे दोन्ही हात कोपरापासून बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये. डोळ्यावर पट्टी. झोपेच्या औषधात होता. जनी बाहेर व्हरांड्यात होती, ओठ शिवलेला. तिला सांगितलं. जसं झालं तसं, काही न लपवता.

मला वाटलं, मारील. तिने पदर दोनदा सारखा केला.

“तुमी नाव वाचलंत तवा किती मान्सं व्हती?”

साठ-सत्तर.

“मोट्यानं वाचलंत?”

हो.

“मंग तसंच वाचा. तितंच, त्याच मान्सांफुडं. हितं माज्या कानात सांगून काय फायदा? माज्या कानाला ठावंच व्हतं.” आत जाता जाता वळली. “बुधवारी मैनाबाईचं तेरावं हाय. सगले आसतील.”

मला भीती वाटते. ती माणसं कशी मारतात ते मी पाहिलंय.

२३ नोव्हेंबर, रविवार

चांगू निर्दोष आहे एवढंच सांगायचं. दुसरं नाव घ्यायचं नाही. घेतलं की आणखी एक वरवंटा. कितीदा घोकलं, तरी आतून वाटतंय, घ्यावं. राजेशचे हात त्या फाळक्यावर असावेत. हे वाटतंय म्हणून लिहून ठेवतो.

२९ नोव्हेंबर, शनिवार

डाव्या हाताने लिहितोय, अक्षर कुत्र्याच्या शेपटीसारखं येतंय. बुधवारचं लिहायचं राहिलं होतं.

पोचलो तेव्हा पंगत बसली होती. अंगणात दोन ओळी, समोरासमोर, पत्रावळींवर भात, वरण, वडे. नाथूदादा दाराशी, डोकं भादरलेलं. राजेश डाव्या ओळीत बसला होता. “या सर, बसा,” म्हणाला. मी उभाच राहिलो आणि कागद काढला. वाचायची चारच वाक्यं होती.

“चांगूच्या गाडीत उंबरमाळच्या शेळ्यांचं रक्त नव्हतं. मी चुकीचं वाचलं. चूक माझ्या मशीनची नाही, माझी आहे. तुम्ही निर्दोष माणसाचे हात मोडलेत आणि ते मी मोडायला लावलेत.”

सगळे घास हातात धरून थांबले. कुणीतरी म्हणालं, “मंग कोनाच्या गाडीत व्हतं?”

म्हटलं, ते पोलिसांना दिलंय. इथे सांगणार नाही. मारलं तरी नाही.

मला वाटलं, आता मला मारतील. दोघेतिघे शिव्या द्यायला लागलेही, पण बसल्या जागेवरून. तेराव्याची पंगत. शेवटच्याचं होईपर्यंत कुणी उठत नाही, पानावरून तर नाहीच. शंभर माणसं खाली बसलेली आणि मी एकटा उभा.

तेव्हा राजेश उठला.

पानावर भात तसाच होता. हात उष्टा. “मशीनचा काय भरोसा,” असं काहीतरी म्हणत तो गाडीकडे चालायला लागला, आधी सावकाश, मग भराभर. दोन्ही ओळी त्याच्या पानाकडे बघत होत्या. नाथूदादाने त्या पानाकडे पाहिलं, राजेशच्या पाठीकडे पाहिलं, आणि दारामागचा दांडा घेतला. “राजेश,” म्हणाला, “जेवून जा.”

राजेश पळाला.

मग पंगत मोडली. गाडीच्या दाराशी त्याला धरला. पहिल्या फटक्यात त्याचा जबडा निखळला. ओढून त्याच्याच फाळक्यावर टाकला आणि कुणीतरी ओरडलं, “हात धरा.” तेच शब्द. पाटा-वरवंटा आणायला एक जण घराकडे धावला. मी मधे घुसून त्याच्यावर आडवा पडलो. त्याच्यावर दया आली म्हणून नाही. त्याचं तोंड माझ्या कानाशी होतं, त्यातून रक्त माझ्या मानेवर गळत होतं, आणि मला त्याला चावावंसं वाटत होतं. पण ते शब्द परत ऐकवेनात. नाथूदादाचा दांडा माझ्या उजव्या हातावर बसला, एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा त्याने उचलला आणि माझ्याकडे बघून खाली टाकला. तिथेच बसला आणि लहान मुलासारखा रडला. तेराव्याला आलेल्या गोमाजीबुवांनी कुणाच्यातरी फोनवरून पोलीस बोलावले होते, ते पाऊण तासाने आले. राजेशने गाडीत बसता बसताच सगळं सांगून टाकलं. शेळ्या त्याच दुपारी मुंबईला गेल्या होत्या.

आता मी आणि चांगू एकाच वॉर्डात आहोत. मधे एक खाट रिकामी. परवा शुद्धीवर नीट आला. जनीने त्याला सगळं सांगितलं. मला त्याने एकदाही हाक मारली नाही की शिवी दिली नाही. उरलेल्या डोळ्याने छताकडे बघत असतो. डॉक्टर म्हणाले, उजव्या हाताची पकड परत येणार नाही. शेळी धरता येणार नाही त्याला.

आज दुपारी जेवणाची ताटं आली आणि जनी औषधं आणायला बाजारात गेली होती. त्याचं ताट त्याच्या पोटावर, हात दोन्ही प्लास्टरमध्ये. मी उठून गेलो. माझा उजवा गळ्यात बांधलेला, म्हणून डाव्या हाताने भात कालवला आणि घास त्याच्या तोंडाशी नेला.

त्याने तोंड भिंतीकडे केलं.

मी घास परत ताटात ठेवला आणि माझ्या खाटेवर येऊन बसलो. माझं ताटही आलेलं होतं. जनीला यायला दोन तास लागले. तिने गार भात त्याला भरवला, तो सावकाश जेवला, पाणी प्यायला. त्याचं झालं तेव्हा मी माझं ताट पुढे ओढलं.